चंदू सर विदर्भ सोडून गेले, सवय राहिली

नमस्कार मंडळी. आज क्रिकेटवर बोलायचंय, पण सेंच्युरी-विकेटपेक्षा ड्रेसिंग रूमबद्दल जास्त, कारण मी नागपूरचा आहे आणि आमच्या विदर्भाच्या टीमचं आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे मी जवळून बघितलंय.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय, आणि साठ वर्षं फायनलचं तोंड बघितलं नव्हतं. मुंबईशी मॅच असली की आमच्याकडे जिंकायची भाषाच नसायची, मॅच वाचवायची कशी एवढंच. मी स्वतः तरुणपणी एका क्लबकडून खेळायचो, नाव नाही घेत, तिथे नवीन पोरगा आला की वर्षभर सीनियरच्या किटबॅगा उचलायच्या, नेटमध्ये बॉलिंग टाकत राहायची आणि बॅटिंगचा नंबर लागेपर्यंत अंधार पडलेला असायचा. कॅच सुटला की जो तो दुसऱ्याकडे बघायचा. पोरं चांगली होती हो, पण टीम नव्हती.

२०१७-१८ च्या सीझनला चंद्रकांत पंडित, म्हणजे चंदू सर, कोच म्हणून आले. आचरेकर सरांच्या तालमीत तयार झालेले, मुंबईला कोच म्हणून आधी तीनदा रणजी मिळवून दिलेली, वृत्तीने पक्के खडूस. शिस्त किती कडक, तर पुढे ते मध्य प्रदेशला गेले तेव्हा तिथल्या कॅप्टनला, आदित्य श्रीवास्तवला, स्वतःच्या लग्नासाठी फक्त दोन दिवसांची सुट्टी मिळाली होती. पण नुसत्या कडकपणाने कप येत असता तर प्रत्येक कडक मास्तरची पोरं बोर्डात आली असती ना.

माझं म्हणणं असं की त्यांना नागपुरात जमीन तयार मिळाली. असोसिएशनने निवासी अकादमी आधीच उभी केली होती, बॉलरांना घडवायला सुब्रतो बॅनर्जी होते, फैज फझलसारखा घरचा कॅप्टन होता ज्याने त्या सीझनला नऊशेच्या वर रन केले, आणि वसीम जाफर होता. जाफरचं मला फार वाटतं. आदल्या सीझनला दुखापतीमुळे तो खेळू शकला नव्हता, तरी असोसिएशनने त्याचे पैसे दिले होते, मग पुढच्या सीझनला हा माणूस फुकट खेळला. आता सांगा, ज्या ड्रेसिंग रूममध्ये टेस्टमध्ये डबल सेंच्युऱ्या मारलेला माणूस असं वागतो तिथे वीस वर्षांचा पोरगा नेटला उशिरा येईल का? कोचने ओरडायची गरजच कमी होते.

सेमीफायनल कोलकात्याला, ईडनवर, समोर कर्नाटक. त्यांना १९८ हवे होते, शेवटच्या दिवशी सकाळी ७ बाद १११. मी चहाच्या टपरीवर मोबाईलवर स्कोअर बघत उभा, आम्हा चार-पाच जणांचा चहा हातात तसाच गार झालेला, आणि कर्नाटकवाले काही केल्या आउट होईनात, दीडशे गेले, पावणेदोनशे गेले, जुना विदर्भ असता तर इथेच खांदे पडले असते, आम्हीही मनातून हरलोच होतो. रजनीश गुरबानी, सिव्हिल इंजिनियरिंग केलेला पोरगा, टाकत राहिला. शेवटच्या तिन्ही विकेट त्याच्या. १९२ ऑल आउट, पाच रनने जिंकलो. टपरीवाल्याने पैसे नाही घेतले.

मग इंदूरला दिल्लीविरुद्ध फायनल, गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरची सेंच्युरी, आणि १ जानेवारी २०१८ ला पहिला कप. पुढच्या वर्षी नागपुरातच, जामठ्याच्या स्टेडियमवर, सौराष्ट्राला हरवून परत कप.

पंडित सर मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ मध्ये त्यांनाही पहिली रणजी मिळवून दिली, तेही बंगळुरूच्या त्याच चिन्नास्वामीवर जिथे १९९९ मध्ये ते स्वतः कॅप्टन असताना मध्य प्रदेश फायनल हरला होता. तेवीस वर्षं. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून माझ्याही आलं. पण हेच सर कोलकाता नाईट रायडर्सकडे गेले तेव्हा ती कडक पद्धत परदेशी खेळाडूंना जड गेली, त्या टीमकडून खेळलेल्या डेव्हिड वीझाने नंतर तसं उघड बोलूनही दाखवलं. त्यात मला कोणाचीच चूक वाटत नाही. आयपीएल दोन महिन्यांची, जगभर लीग खेळून आलेल्या माणसाला काय घालायचं, कुठे जायचं हे शिकवायला गेलात तर तो वैतागणारच. रणजीची पोरं वर्षभर हातात असतात, ती मातीच वेगळी.

मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती २०२५ ची. पंडित सर जाऊन बरीच वर्षं झालेली, कोच उस्मान घनी, आपल्याच विदर्भाचा जुना खेळाडू. सेमीफायनलला मुंबईला ८० रनने हरवलं. ज्या मुंबईसमोर आम्ही मॅच वाचवायचो! फायनल केरळशी, जामठ्यालाच, दानिश मालेवारने १५३ मारले, बाहेरून आलेला करुण नायर असा मिसळून गेला की तो आपल्याच गल्लीतला वाटावा, आणि हर्ष दुबेने त्या सीझनला ६९ विकेट काढल्या, रणजीच्या एका सीझनमधला रेकॉर्ड.

मॅच ड्रॉ झाली, आणि रणजीची फायनल ड्रॉ झाली की पहिल्या डावात ज्याचे रन जास्त तो जिंकतो, म्हणून ३७ रनच्या लीडवर कप आमचा. कॅप्टन कोण होता माहितीये? अक्षय वाडकर. इंदूरच्या फायनलमध्ये सेंच्युरी मारणारा तोच कीपर.