'स्लॉस': एका स्वीडिश क्रियापदाची कुळकथा

"स्लूता स्लॉस!" स्वीडनमध्ये दोन पोरं एकमेकांच्या अंगावर धावून गेली, की मोठ्यांची अशी आरोळी येते. मारामारी बंद करा!

हा 'स्लॉस' निघाला 'स्लो' या क्रियापदातून. इंग्रजीतला संथ 'स्लो' नव्हे. हा चांगलाच हातघाईवर येणारा आहे: 'स्लो' म्हणजे हाणणं, फटका मारणं. जर्मन 'श्लागेन' आणि इंग्रजी 'स्ले' हे याचेच भाऊबंद. लढाईलाही स्वीडिश माणूस 'स्लाग' म्हणतो. 1632 साली दुसरा गुस्ताव्ह अडॉल्फ हा राजा ज्यात पडला, तो जर्मनीतल्या ल्युट्सेनचा 'स्लाग'. पण हा हात दर वेळी माणसावरच उठतो असं नाही. लांब दांड्याच्या विळ्यानं गवत कापणं हेही 'स्लो'च, आणि उन्हाळ्यातल्या त्या कापणीचं नाव 'स्लॉतर'.

आता शेवटचा 'स'. सगळी करामत त्याचीच. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्वीडिशच्या पूर्वज भाषेत, 'सिक' म्हणजे 'स्वतःला'. हे सर्वनाम क्रियापदाला चिकटलं आणि बोलता बोलता झिजून नुसता 'स' उरला. आइसलँडमध्ये त्याचा 'स्त' झाला. 'स्वतःला'चा अर्थही सरकत सरकत 'एकमेकांना' इथवर आला. आपण हे काम शब्द दुणावून करतो: मारामारी, ओढाओढी. स्वीडिशला एक अक्षर पुरतं. तोच 'स' मिठीलाही लागतो: 'क्रामस' म्हणजे एकमेकांना कवेत घेणं. निरोपाचं 'वी सेस', म्हणजे 'भेटूच', हेही त्याचंच देणं.

कान मात्र तयार हवा. स्वर आखूड ठेवून 'स्लॉस' म्हटलं, तर दोघं भांडतायत. स्वर लांबवून 'स्लोस' म्हटलं, तर एकजण नुसता मार खातोय. लिहिताना पहिल्यात दोन 'स', दुसऱ्यात एक.

पालकांनी मुलांवर हात उगारायला स्वीडननं 1979 मध्ये कायद्यानं बंदी घातली; असं करणारा तो जगातला पहिला देश. तिथे बंदी आली ती 'स्लो'वर. मार खाणारं लेकरू उलटून मारत नाही, मग 'एकमेकांना'वाला 'स' लावणार कशाला?

तरी हा 'स' दर वेळी इतका काटेकोर नसतो. हक्कासाठी झगडणारेही 'स्लॉस'च करतात. व्यर्थ झुंज देणाऱ्याला तर 'पवनचक्क्यांशी स्लॉस करतोय' म्हणतात. पवनचक्की काही उलटा फटका मारत नाही, पण व्याकरणानं तिलाही मारामारीत ओढलंच.