नर्डलिंगेनचे सपाट मैदान

नमस्कार श्रोतेहो. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, पश्चिम सीमेलगत, सुमारे 20 हजार वस्तीचे नर्डलिंगेन नावाचे शहर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 430 मीटर आहे. पण या एका आकड्याने त्या जागेची ओळख पटत नाही, कारण तेथे भोवतालच्या जमिनीची उंची अधिक बोलकी आहे. नैऋत्येकडून स्वाबियन आल्ब आणि पूर्वेकडून फ्रँकोनियन आल्ब ही चुनखडकाची पठारे जेथे एकमेकांना भेटायला हवीत, तेथे ती एकाएकी तुटतात आणि मध्ये सुमारे 24 किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ गोल असे सपाट मैदान लागते. याला रीस म्हणतात, आणि ते खरे तर एक प्राचीन विवर, म्हणजे प्रचंड खड्डा आहे. खाली सुपीक शेतजमीन आणि कडेने 100 ते 150 मीटर उंच उठलेल्या टेकड्या, असा तेथला देखावा आहे.

शहराच्या मधोमध सेंट जॉर्ज चर्चचा 90 मीटर उंच मनोरा आहे. त्यावरून खाली पाहिले की गोल तटबंदी दिसते आणि अनेकांना तीच विवराची कड वाटते. हा समज दूर व्हायला हवा. तटबंदी मध्ययुगातली, माणसांनी बांधलेली आहे. विवराची खरी कड दूर क्षितिजावर आहे, आणि शहरही विवराच्या केंद्रात नसून नैऋत्येला सरकलेले आहे.

सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एक लघुग्रह येथे आदळला. या जागी ज्वालामुखी होता, असे भूशास्त्रज्ञ दीर्घकाळ मानत होते, कारण येथला सुएव्हाइट हा दगड ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकासारखा दिसतो. यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूशास्त्रज्ञांनी 1960 च्या सुमारास त्याच दगडात कोएसाइट हे खनिज दाखवून दिले. क्वार्ट्‌झचे हे रूप घडायला जो प्रचंड दाब लागतो, तो ज्वालामुखीच्या उद्रेकात मिळत नाही. ज्या मनोऱ्यावरून विवराचे कडे न्याहाळायचे, तो मनोराही याच सुएव्हाइटचा आहे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. अपोलो 14 च्या अंतराळवीरांनाही 1970 मध्ये खडकांच्या अभ्यासासाठी येथे आणले होते.

आता प्रश्न उरतो तो सपाटीचा. एवढा खोल खड्डा सपाट कसा झाला? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवरात आजही खारे, अल्कधर्मी पाणी साठलेले आहे. रीसमध्येही तसेच तळे होते, मात्र ते गाळाने भरून गेले. 1973 मध्ये नर्डलिंगेनजवळ 1206 मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा वरचा 300 मीटरांहून अधिक थर त्या तळ्याच्या गाळाचाच निघाला. पुढे नद्यांनी मऊ गाळ कोरून नेला आणि तळ्यात साचलेला कठीण चुनखडक तेवढा टिकला. शहराच्या उत्तरेला वालरश्टाइन गावी असा एक सुळका मैदानातून सरळ वर आलेला दिसतो.

लोणारच्या तळ्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. रीसमधून मात्र व्योर्निट्झ नदी वाहते. शहराजवळून येणारी एगर नदी तिला मिळते, आणि हे सारे पाणी दक्षिणेकडच्या हारबुर्ग येथील अरुंद दरीतून विवराबाहेर पडून डोनाउव्योर्थपाशी डॅन्यूबला जाऊन मिळते.