आम्लाच्या वर्णपटातलं धुकं

मित्रहो, पाण्यातलं आम्ल अवरक्त वर्णपटात, म्हणजे कोणते अवरक्त किरण किती शोषले जातात याच्या आलेखात, कसं दिसतं ते आज बघू. सुरुवात माझ्या फजितीनं करतो. अवरक्त किरण काचेत अडकतात, मिठातून मात्र आरपार जातात. म्हणून नमुना धरायला मिठाच्या स्फटिकाच्या चकत्या वापरतात. एम.एस्सी.ला असताना मी अशाच दोन चकत्यांमध्ये व्हिनेगरचा थेंब ठेवला. व्हिनेगर म्हणजे बहुतांशी पाणी, आणि पाण्यात मिठाचं काय होतं हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक असतं. थोड्याच वेळात चकत्या पार आंधळ्या झाल्या. सरांनी त्या न बोलता माझ्या तळहातावर ठेवल्या.

आता पाण्यासाठी कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या घेतो, आम्ल तीव्र असेल तर हिरा. तरी दुसरी अडचण राहतेच. पाणी स्वतःच इतकं शोषतं, की थर दहाएक मायक्रॉनपेक्षा जाड झाला तर पलीकडे फारसं काही पोहोचत नाही. आपला केससुद्धा याच्या कितीतरी पट जाड असतो.

वाफेतला पाण्याचा रेणू एकटा असतो. त्याच्या ताणकंपनांच्या, म्हणजे बंध लांब-आखूड होण्याच्या, रेषा ३६५७ आणि ३७५६ वर, वाकण्याची १५९५ वर. (हे आकडे तरंगसंख्येचे, म्हणजे एका सेंटिमीटरात किती लहरी बसतात त्याचे.) द्रवात प्रत्येक रेणूचा हात कुणीतरी धरलेला असतो, कुणी घट्ट, कुणी सैल. त्यामुळे ताणकंपनाची रेषा ३४०० च्या आसपास घसरते आणि चांगली ऐसपैस पसरते. वाकणं मात्र अवघड होतं, म्हणून ते १६४० च्या जवळ चढतं.

यात अॅसेटिक आम्ल घाला. १७१० जवळ त्याच्या कार्बोनिल गटाची (कार्बन आणि ऑक्सिजनमधल्या दुहेरी बंधाची) ठसठशीत रेषा दिसते. कॉस्टिक सोडा टाकत गेलात की ती खचते आणि १५५० व १४१५ च्या आसपास अॅसिटेटच्या, म्हणजे या आम्लाच्या आयनाच्या, दोन रेषा वर येतात. आम्ल आणि त्याचा आयन शेजारी शेजारी मोजता येतात. साध्या व्हिनेगरमध्ये शंभरातले नव्व्याण्णवाहून अधिक रेणू अखंडच असतात. हा सरळ हिशेब झाला, यात फार रमायचं कारण नाही.

गंमत हायड्रोक्लोरिक आम्लात आहे. वायुरूपात त्याचं कंपन २८८६ च्या सुमारास असतं. पाण्यात गेलं की ते नाहीसं होतं, कारण तो बंधच उरत नाही: हायड्रोजन प्रोटॉन होऊन पाण्याकडे जातो, मागे क्लोराइड उरतो. क्लोराइड हा एकटा अणू, तो कुणाशी कंप पावणार? मग आम्ल दिसतं कुठे? ३००० पासून १००० पर्यंत सगळा पट जरा वर उचलला जातो. शिखर असं नाहीच, १७५० आणि १२०० जवळ नुसते उंचवटे, बाकी धुकं. सवयीनं आपण यालाच पार्श्वभूमी म्हणून वजा करून टाकतो.

म्यूनिकच्या गेओर्ग झुंडेलनी १९६० च्या दशकात त्या धुक्याचाच अर्थ लावला: प्रोटॉन दोन पाण्यांच्या मधोमध, दोघांच्या सामाईक मालकीचा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मानफ्रेड आयगेन यांचं चित्र निराळं होतं. त्यात हायड्रोनियम (प्रोटॉन चिकटलेला पाण्याचा रेणू, H₃O⁺) मध्ये आणि भोवती तीन पाणी. वाद बरीच वर्षं चालला. २०१५ मध्ये शिकागोच्या आंद्रेई टोकमाकॉफ यांच्या गटानं द्विमितीय अवरक्त तंत्रानं पाहिलं, तर झुंडेलसारखी जोडी किमान ४८० फेम्टोसेकंद टिकत होती (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). आपल्याला हा काळ क्षुल्लक वाटेल. त्या १७५० च्या कंपनाची मात्र तेवढ्यात पंचवीसएक आवर्तनं होतात.

प्रोटॉनचा वेगही इथेच उलगडतो. विद्युतक्षेत्रात तो सोडियम आयनाच्या सुमारे सातपट चपळ. रसायनशास्त्रज्ञ ग्रोटहुस यांनी १८०६ मध्येच साखळीची कल्पना मांडली होती. स्लॅबच्या दिवशी घमेल्यांची रांग आठवा: मागून एक घ्यायचं, हातातलं पुढे द्यायचं, माणसं जागेवरच.

मग परीक्षेत हायड्रोनियम लिहायचं का? लिहा की. भार जुळतो, मार्कही मिळतात.

आता इकडे बघा. हिऱ्यावर आत्ता नुसतं पाणी आहे. त्याचा पट पडद्यावर राहू देतो आणि त्याच जागी हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब ठेवतो. पायारेषा सरळ करायचं बटण मी मुद्दामच बंद ठेवलंय.