पानांचा उन्हाळा

[उरुळी कांचन, सकाळ. हिरव्या जाळीखाली रोपांच्या रांगा.]

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन जवळ आलं की रोपवाटिका दिसू लागतात. मार्च उजाडला की पिटुनिया, पॅन्सी ही थंडीतली फुलं उतरणीला लागतात. गिऱ्हाईक तरी फुलंच मागतं. आम्ही कॅमेरा वळवला तो जाळीखालच्या या पानांकडे.

[कोलियसचं पान, अगदी जवळून.]

हा कोलियस. मधोमध डाळिंबी, भोवती गुलाबी, काठाला पोपटी झालर. डाळिंबी रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. हरितद्रव्य त्याच्याखाली झाकलेलं आहे. आता खोड बघा. चौकोनी! बोटांत फिरवलं तर कडा लागतात. तुळशीचं खोडही असंच, कूळ एकच. आणि ज्याच्या पानांची भजी आपण तळतो, तो पानओवा तर याचा सख्खा चुलतभाऊ.

१९ व्या शतकाच्या मध्याला डचांनी हे झाड जावाहून युरोपात नेलं. तिथल्या थंडीत ते बाहेर टिकत नाही, म्हणून दर उन्हाळ्याला नवं लावतात. आपल्याकडे भीती थंडीची नाही, दुपारनंतर पश्चिमेकडून येणाऱ्या उन्हाची.

[हात, कात्री, काचेचा पेला.]

रोप एकच विकत घ्या. नर्सरीवाले रागावतील, रागावू द्या. चार बोटं लांबीचा शेंडा घेऊन पेराच्या किंचित खाली कापायचा. खालची पानं काढून टाकायची, वरच्या दोन जोड्या ठेवायच्या. पेल्यातलं पाणी दिवसाआड बदलायचं. आठवडा-दहा दिवसांत या अशा पांढऱ्या मुळ्या सुटतात. मग कुंडी: माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि गांडूळखत सारख्या मापाने, वर मूठभर निंबोळी पेंड. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण खुडल्याशिवाय ते पसरत नाही. पानांच्या बगलांतून दोन्ही बाजूंना फांद्या फुटतात. निळसर तुरा दिसला की तोही काढा, नाहीतर झाड बी धरायच्या मागे लागतं आणि पानं बारीक होतात.

[गच्ची, दुपारी एक.]

आता पानांनी माना टाकल्यात. लगेच पाणी ओतायला धावू नका. मातीत दोन पेरं बोट घाला. ओल लागली तर थांबा.

[तीच कुंडी, संध्याकाळी सहा.]

बघा, पाणी न घालता उभी राहिली. कुंडी मातीची आहे, विटांवर ठेवलेली. तापलेल्या फरशीवर काळं प्लास्टिक ठेवलंत तर मुळं शिजतात. वर निम्मं ऊन अडवणारी, ५० टक्क्यांची जाळी.

क्रोटन मात्र जाळीबाहेर, कठड्याला. सावलीत त्याचा लाल-पिवळा रंग उतरतो. कॅलेडियमचे कंद उन्हाळ्याच्या तोंडाशी लावले की असे कागदासारखे पातळ, गुलाबी शिरांचे पान काढतात. क्रोटनचा चीक कातडीला खाजतो, कॅलेडियमचं पान तोंडात गेलं तर जीभ-घसा भाजल्यासारखा होतो. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर ही दोन्ही नकोत.

पाण्याचं म्हणाल, तर टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना चालतं. आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाला की कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा, डास होतात.