कात्री हातात घेण्याआधी

(अमळनेर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘करुणा आणि सजगता : एक नित्य साधना’. आधी पत्रिका छापली, मग मला फोन केला. मी म्हटलं, अहो, मी मेडिकलवाला माणूस. ते म्हणाले, म्हणूनच. आता ‘म्हणूनच’ म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही, तेव्हा माझा मीच अर्थ लावून आलोय. त्यात हे अमळनेर. प्रतापशेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, लांबलांबून विद्वान इथे येऊन वेदान्ताचा अभ्यास करत. अशा गावात गोळ्या विकणाऱ्याने मोठे शब्द वापरायच्या भानगडीत पडू नये. मी आपलं दुकानातलंच बोलतो.

गोळ्यांची स्ट्रिप तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. बॅच नंबर आणि एक्सपायरी बहुतेक वेळा एका टोकाला असते. कुणी दहातल्या चारच गोळ्या मागितल्या तर आम्ही दुसऱ्या टोकाकडून कापतो, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर तारीख शाबूत राहते. नव्या पोराला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो. आणि मी, इतकी वर्षं काउंटरमागे उभा असलेला माणूस, एका आठवड्यात दोनदा तारखेच्या बाजूने कापून बसलो. उरलेलं बिनतारखेचं, टाकून द्यावं लागलं. तिसऱ्यांदा तर कात्री नेमकी गोळीच्या खळग्यातून गेली. हात काउंटरवर होता, डोकं होलसेलवाल्याच्या थकलेल्या बिलात.

तेव्हा स्वतःला एक नियम घातला. कात्री हातात घेण्याआधी एक श्वास. दोन्ही पाय जमिनीला टेकलेत एवढं बघायचं, नाकाशी एक श्वास आला-गेला एवढं बघायचं, मग कापायचं. यात अध्यात्म काही नव्हतं, नुकसान टाळायचं होतं. खोटं कशाला सांगू?

पुढे वाचताना कळलं, की बुद्धाच्या परंपरेत याला ‘सति’ म्हणतात. पाली शब्द, संस्कृतातली स्मृती. म्हणजे आठवण. मला हे फार आवडलं. आपल्याला वाटतं, सजगता ही बाहेरून आणायची काही नवी वस्तू आहे. ती आठवण आहे, म्हणजे मधे विसरणं धरलेलंच आहे. आपल्या मराठीला हे आधीच ठाऊक होतं. आपण म्हणतो, ‘अरे, भानावर ये.’ ये म्हणतो. म्हणजे तू गेला होतास, हरकत नाही, परत ये. ‘सजगता’ हा शब्द माझ्या घरात कुणी कधी उच्चारला नाही. ‘भान आहे का तुला?’ हे मात्र मी आईकडून रोज ऐकलंय.

जळगाव जिल्ह्यात मनावर बोलायचं आणि बहिणाबाईंचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. त्यांनी मनाला उभ्या पिकातलं ढोर म्हटलं, कितीही हाकला, फिरून पिकावर येतं. सगळे वक्ते इथवर सांगतात आणि मन किती चंचल म्हणून उसासा टाकतात. पण बांधावर कधी उभे राहिला असाल तर सांगा, ढोर पुन्हा शेतात शिरलं म्हणून कुणी शेती सोडतं का? ढोराला जिवे मारतं का? उठायचं, ‘हाड्’ म्हणायचं, बाहेर काढायचं, परत येऊन बसायचं. तासाभरात दहा वेळा. माझ्या मते साधना म्हणजे ही राखण. ढोर शिरलंच नाही पाहिजे असं म्हणणारा माणूस पंधरा दिवसांत ध्यान सोडतो.

आता करुणेकडे येतो. ती माझ्याकडे मागच्या दाराने आली.

बाजाराच्या दिवशी एक मावशी यायच्या. ब्लडप्रेशरची गोळी, दर खेपेला पाचच. ‘पाचच गोया दे भाऊ.’ पदराची गाठ सोडायची, नाणी काउंटरवर मांडायची. गर्दीत मला या पाच गोळ्यांचा वैताग यायचा. एकदा मी म्हटलं, ‘मावशी, ही काय मेथीची भाजी आहे का, पावशेर द्यायला?’ दुकान हसलं. मावशीही हसल्या. त्यांचं ते हसणं मला आजही रात्री आठवतं, कारण त्यांना हसण्यावाचून दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर बरेच महिने गेले. माझा श्वासाचा नियम सुरू झालेला. त्या आल्या, ‘पाचच गोया’ म्हणाल्या, मी कात्रीकडे हात नेला आणि थांबलो. त्या एका श्वासात डोळ्यांना दुसरं काम नव्हतं, म्हणून समोर गेले. नाणी सरकवणारा हात दिसला. कापूस वेचणीचे दिवस होते. वाळक्या बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात, नखांच्या कडेला चिरा पडतात, त्यात काळं साचतं. असा हात. तो हात इतकी वर्षं माझ्यापासून दीड फुटावर होता आणि मी पाहिला नव्हता. मी विचारलं, ‘मावशी, रोज घेता ना गोळी?’

‘एक दिन आड लेस भाऊ. मंग दहा दिन पुरतस.’

प्रेशरची गोळी डोकं दुखलं की घ्यायची गोळी नाही. डॉक्टरांनी रोज सांगितली असेल तर रोजच घ्यावी लागते. त्रास वाटत नसला तरी प्रेशर आतून आपलं काम करत असतं. मी तेच सांगितलं, चिठ्ठी घेऊन त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तोच घटक असलेली, कमी किमतीची गोळी लिहून दिली. पुढच्या बाजाराला मावशींनी सबंध स्ट्रिप नेली. बस्स, एवढीच गोष्ट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, छाती भरून आली नाही. त्या दिवशी मी फक्त बघितलं होतं.

तुमच्यातले बरेच जण सहलीला अजिंठ्याला जाऊन आले असतील. पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणि आहे, पापण्या खाली झुकलेल्या. तो अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. नाव फोडून बघा, अवलोकित. अवलोकन करणं, बघणं. करुणेच्या या मूर्तीच्या नावात दया नाही, माया नाही, नुसतं बघणं आहे. मी चार वेळा अजिंठ्याला गेलो आणि चारही वेळा गाइडचं ऐकत फोटोसाठी जागा शोधत होतो. काउंटरवर उभं राहिल्यावर ते नाव कळलं.

एक घोटाळा मात्र टाळा. कणव आणि कीव. दोन्ही शब्द शेजारी राहतात, पण कुणाला ‘मला तुझी कीव येते’ म्हणून बघा, भांडण होईल. कीव वरून खाली बघते. आणखी एक चकवा पाचव्या शतकातल्या बुद्धघोष या बौद्ध भाष्यकाराने सांगून ठेवलाय. तो म्हणतो, करुणेचा लांबचा शत्रू क्रौर्य आणि जवळचा शत्रू शोक. क्रौर्य लगेच ओळखू येतं. शोक करुणेसारखाच दिसतो म्हणून घरात शिरतो. रात्री दोनला तापलेलं लेकरू घेऊन आलेल्या बापासमोर मी रडत बसलो तर त्याला औषध कोण काढून देणार? साने गुरुजींना आपण फार रडके करून टाकलंय. इथल्या छात्रालयात ते मुलांच्या खोल्या झाडायचे, पसारा आवरायचे, ते आपण सोडून देतो आणि आसवं तेवढी लक्षात ठेवतो.

कुणी विचारेल, सुरुवात कुठून करायची? मैत्रीभावनेचा, म्हणजे मनात एकेकाचं भलं चिंतण्याच्या बौद्ध ध्यानाचा, जुना क्रम आहे : आधी स्वतः, मग जिव्हाळ्याचं माणूस, मग ज्याच्याशी ना प्रेम ना वैर असा माणूस आणि शेवटी वैरी. वैऱ्यापासून सुरू करू नका असं तिथे स्पष्ट सांगितलंय. आपण उत्साहात नेमकं तेच करतो, आणि मग भाऊबंदकीतला बांधाचा वाद आठवून रक्त तापतं. माझा अनुभव विचाराल तर सगळ्यात अवघड तिसरा. प्रेमाच्या माणसाकडे बघतो, वैऱ्याकडे तर डोळे फाडून बघतो. रोज सकाळी पिशवी टाकून जाणारा दूधवाला डाव्या हाताने पिशवी टाकतो की उजव्या, सांगा बरं. मी आठवडाभर तेवढंच बघितलं. डाव्या. उजवा खांदा वर जात नाही त्याचा.

हे सगळं ऐकून मी फार शांत झालोय असं समजू नका. गेल्या मे महिन्यातच, ऊन असं की शटरला हात लावला तर चटका, लाइट गेलेली, एक तरुण मोबाइल उंच धरून उभा. पैसे गेले म्हणतो, माझ्याकडे आल्याचा आवाज नाही. मी त्याला बोललो, काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. पाच मिनिटांनी पैसे आल्याची खबर वाजली, तेव्हा तो निघून गेला होता. ढोर पिकात पार मधोमध पोचलं होतं. बाहेर काढलं, परत येऊन बसलो. घरी गेल्यावर सौ. म्हणाली, ‘लोकांना व्याख्यानं द्या तुम्ही.’ त्यावर काही उत्तर नाही.

आता बोलणं पुरे. दोन मिनिटं नुसतं बसू. मांडी घालायला पाहिजे असं काही नाही, खुर्चीत आहात तसेच. पंखा कुरकुरतोय, कुरकुरू द्या. बाहेर केळीचे ट्रक हॉर्न वाजवणारच. आणि कुणाचा मोबाइल वाजला तर मान वळवून त्याच्याकडे बघू नका, त्याला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालेलं असेल. चला. पाय जमिनीला टेकलेत का, तेवढं बघा.