कॅन्सरचा स्पाइस झाला

श्रोतेहो, नमस्कार.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, सर्किट जोडण्याआधी तपासतेस कशावर? उत्तरात ‘स्पाइस’ येणारच. स्पाइस म्हणजे मसाला. पण या प्रोग्रॅमच्या पूर्वजाचं नाव होतं ‘कॅन्सर’.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात रॉन रोरर हे प्राध्यापक होते. 1970च्या आसपास त्यांनी वर्गातल्या मुलांना सर्किटचं वागणं संगणकावर अजमावणारा प्रोग्रॅम लिहायला लावला. लॅरी नेगल त्यांतलेच एक. प्रोग्रॅमचं नाव ठेवलं ‘कॉम्प्युटर अ‍ॅनालिसिस ऑफ नॉनलिनिअर सर्किट्स, एक्स्क्लुडिंग रेडिएशन’. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की कॅन्सर.

शेवटचे दोन शब्द पाहा. किरणोत्सर्ग वगळून! एरवी कुणी आपल्या प्रोग्रॅमला काय येत नाही, ते नावात सांगतं का? पण तेव्हा अमेरिकेत असे बरेच प्रोग्रॅम संरक्षण खात्याच्या पैशातून तयार होत, आणि किरणोत्सर्गाच्या माऱ्यात सर्किट टिकेल का, हे त्यांना सांगता यावं लागे. व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं, बर्कलीत त्याविरुद्ध मोर्चे निघत होते. ते काम आम्ही करणार नाही, हे या मंडळींनी नावातच लिहून ठेवलं. मला या दोन शब्दांचा फार आदर वाटतो.

पुढे रोरर बर्कली सोडून गेले. नेगल यांचे नवे मार्गदर्शक डोनाल्ड पेडरसन. त्यांनी अट घातली की प्रोग्रॅम इतका नव्याने लिहायचा, की जुनी बंधनं उरू नयेत आणि तो कुणालाही खुलेपणाने देता यावा. 1973 साली तो नव्या नावानं बाहेर आला: ‘सिम्युलेशन प्रोग्रॅम विथ इंटिग्रेटेड सर्किट एम्फसिस’, म्हणजेच स्पाइस. भर आयसीवर, म्हणजे एकाच चिपवर बनवलेल्या अख्ख्या सर्किटवर, कारण एकदा चिप तयार झाली की सोल्डरिंग गन घेऊन आतला रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला रोध करणारा भाग, बदलता येत नाही. आधीच सगळं पडताळावं लागतं.

खुला ठेवल्यामुळे त्याचा वंश वाढला. आपल्या मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘ईसिम’ हे मोफत सॉफ्टवेअरही सर्किटचं गणित ‘एनजीस्पाइस’ या प्रोग्रॅमकडून करून घेतं, आणि एनजीस्पाइस बर्कलीच्याच घराण्यातला.

संगणकाला भोकं पाडलेल्या पंचकार्डांवरून माहिती देत, त्या काळची एक रीतही स्पाइसमध्ये टिकून आहे. सर्किटचे भाग ज्या फाइलमध्ये लिहून द्यायचे, तिची पहिली ओळ सर्किटच्या नावाची. नवी मुलं तिथे चुकून रेझिस्टर लिहितात, आणि स्पाइस तो रेझिस्टर धरतच नाही, नाव म्हणून वाचतो.