पट घसरला, मैदान विकायला निघालं

(शाळेचं बंद फाटक. त्याला सुतळीने बांधलेला कागद. एक कोपरा सुटून फडफडतोय.)

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलाय, पण पाणी आत शिरलं आणि शाई पसरली. तरी दोन गोष्टी नीट वाचता येतात. शाळेची जागा विकण्याचा प्रस्ताव आहे, आणि हरकती घेण्याची शेवटची तारीख अमुक आहे. भूखंडाचा क्रमांक, क्षेत्रफळ, चतुःसीमा, सगळं आहे. ‘मैदान’ हा शब्द मात्र कुठेच नाही. कागदावर त्याचं नाव ‘मोकळी जागा’.

(मैदान. फक्कीच्या पुसट रेषा. जाळी नसलेला गोलपोस्ट.)

शाळा रिकामी का होते? वस्ती नवी असते तेव्हा राहायला येणारी जोडपी साधारण एकाच वयाची असतात. त्यांची मुलंही एकदमच शाळेत जातात. वर्ग कमी पडतात, पत्र्याच्या खोल्या उभ्या राहतात. वीस वर्षांनी ती मुलं शिकून बाहेर पडतात. आईवडील त्याच घरात राहतात. घरं भरलेली, बाकं रिकामी. चाळीसच्या वर्गात बारा डोकी. छप्पर गळतंय, दुरुस्तीला पैसा नाही. मग कुणीतरी हिशेब मांडतं: ही एक जागा विकली तर चार शाळा धड होतील.

हा हिशेब खोटा नाही. तो अर्ध्यात सोडलेला आहे. म्हातारी माणसं कधीतरी घर सोडतात आणि तिथे पुन्हा तरुण जोडपी येतात. त्यातून शाळेच्याच जागेवर इमारती उभ्या राहिल्या, तर त्या घरांतही मुलं असणार. पण शाळेची फाइल एका टेबलावर असते आणि घरांची दुसऱ्या. एका फाइलीत मुलं घटताहेत, दुसऱ्या फाइलीत लोकसंख्या वाढतेय. वस्ती मात्र एकच.

(जुना नकाशा. मध्यभागी शाळा, भोवती घरं.)

1929 साली न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्याचं काम चालू होतं. त्यात क्लॅरेन्स पेरी यांनी वस्तीचा एक नमुना मांडला. मधोमध प्राथमिक शाळा. कुठल्याही घरातून तिथे चालत जायला साधारण पाव मैल, म्हणजे 400 मीटर. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, म्हणजे पोराला ते ओलांडावे लागणार नाहीत. एका शाळेला पुरतील इतकी मुलं, त्यावरून वस्तीत माणसं किती. या नमुन्यावर पुढे टीकाही पुष्कळ झाली, पण त्याची सुरुवात मुलांपासून होती. आता आधी मजले ठरतात.

(मेलबर्न. ट्राम, जुन्या विटांची घरं, मागे उंच इमारती.)

अर्धवट हिशेबाची किंमत काय होते, हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात दिसलं. 1992 साली आलेल्या केनेट सरकारने पुढच्या काही वर्षांत 300 हून जास्त सरकारी शाळा बंद केल्या आणि त्यांतल्या अनेकांच्या जागा विकून टाकल्या. मेलबर्नच्या रिचमंड भागात माध्यमिक शाळा बंद झाली तेव्हा लोकांनी इमारतीचाच ताबा घेतला. जवळपास वर्षभर ते आत होते. 1993 च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी निदर्शकांवर लाठ्या चालवल्या. ती जागा विकली गेली नाही. 1994 मध्ये तिथे मुलींची शाळा सुरू झाली. पण मुलगे आणि मुली दोघांसाठी सरकारी माध्यमिक शाळा रिचमंडमध्ये पुन्हा उघडली ती 2018 साली. तोवर शहराचा मधला भाग पुन्हा माणसांनी भरला होता आणि जमिनीचे भाव कुठच्या कुठे गेले होते.

त्याच वर्षी साउथ मेलबर्नमध्ये राज्यातली पहिली बहुमजली सरकारी शाळा उघडली. तिथली पोरं गच्च्यांवर खेळतात. शाळा देखणी आहे, शंकाच नाही. पण जमीन हाताशी असताना गच्चीवर मैदान करायला कोण जाईल?

शिकागोची गोष्ट थोडक्यात. 2013 च्या मे महिन्यात तिथल्या शिक्षण मंडळाने एका बैठकीत सुमारे 50 शाळा बंद करायचं ठरवलं. कारण तेच: रिकामी बाकं आणि तुटीचं अंदाजपत्रक. पुढे त्यांतल्या कितीतरी इमारती वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिल्या, गिऱ्हाईकच मिळेना. डायेट हायस्कूल बंद करण्याचा निर्णय त्याआधीच झाला होता. ते वाचवायला पालक आणि रहिवासी 2015 मध्ये 34 दिवस उपोषणाला बसले. 2016 मध्ये ते पुन्हा उघडलं.

(सुनावणीचं सभागृह. खुर्च्या कमी, माणसं जास्त.)

सुनावणीत लोक बोलतात ते पार्किंगबद्दल. गटारं तुंबतील, नळाला पाणी येणार नाही, उंच इमारतीची सावली दिवसभर आमच्या गॅलरीत पडेल. यातलं बरंचसं खरं आहे आणि मोजून दाखवता येतं. पण सगळ्याच हरकती निर्मळ नसतात, हेही सांगायला हवं. ‘वस्तीचं स्वरूप बिघडेल’ असं कुणी म्हणालं की आम्ही कॅमेरा जरा त्या चेहऱ्यावर ठेवतो. कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो, की ‘ती’ माणसं इथे नकोत. घरं लागणारच आहेत. दाट वस्ती म्हणजे आपोआप वाईट वस्ती नव्हे. माणसं जवळजवळ राहिली तर बस भरून धावते, दुकान चालतं आणि शाळेलाही मुलं मिळतात. म्हणून तर गंमत वाटते. ज्या घरांना शाळा सगळ्यात जास्त लागणार, ती घरं शाळा पाडून बांधायची.

इंग्लंडमध्ये 1998 च्या कायद्याने सरकारी शाळांची मैदानं विकायला शिक्षणमंत्र्यांची परवानगी लागते. मनाई नाही, पण निदान वर विचारावं तरी लागतं.

(क्योटो. अरुंद नदीकाठी जुनी शाळा, शेजारी नवी इमारत, समोर हिरवळ.)

आता जपानमधलं क्योटो. 1869 साली इथल्या मोहल्ल्यांनी 64 प्राथमिक शाळा उभ्या केल्या. देशाची शिक्षणव्यवस्था आली ती 1872 मध्ये, म्हणजे त्यानंतर. खर्चासाठी लोकांनी चुलीमागे वर्गणी काढली. घरात चूल आहे ना, मग शाळेला पैसे द्या. पुढे शहराच्या मध्यभागी मुलं कमी झाली आणि यांतल्या अनेक शाळा बंद पडल्या. रिस्सेई ही त्यांतलीच एक. जागा मोक्याची, मागणी भरपूर. शहराने ती विकली नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. 2020 पासून तिथे हॉटेल चालतं. जुनी इमारत राखली आहे, आणि त्याच आवारात वाचनालय आहे, रहिवाशांना वापरायला जागा आहे, समोर मोकळी हिरवळ आहे. शाळा गेली ती गेलीच. पण पट्टा संपला की जमीन परत शहराकडे येणार. ज्यांच्या पणजोबांनी चुलीमागे पैसे दिले, त्यांना ‘ही जागा कुणाची?’ असं विचारायची सोय तरी राहिली.

(पुन्हा फाटक. कागदासमोर उभं राहून कुणीतरी तारीख लिहून घेतंय.)

हरकत लिहायची तर दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. मुलांचा पुढचा अंदाज काढताना या भागात मंजूर झालेली नवी घरं धरली होती का? आणि विकण्याऐवजी भाड्याने देण्याचा विचार झाला होता का? झाला असेल तर तो कागद दाखवा.

अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक तिथे द्यायची, दुसरीवर सही-शिक्क्यासह पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.